विश्लेषण : रक्तात शिरलेल्या बुरशीचे नाव डिस्चार्ज कार्डावर हवेच

तुडील ते महाड आणि महाड ते मुंबई. खाडीपट्ट्यातल्या गंभीर रुग्णाचा रस्ता बहुतेक वेळा हाच. स्वादुपिंडाला सूज आलेली असो, आतडे फाटलेले असो, महामार्गावरचा अपघात असो की बळावलेला न्यूमोनिया. तालुक्याच्या ठिकाणी पहिले उपचार होतात आणि मग ‘पुढे हलवा’ असे सांगितले जाते. पुढे म्हणजे कधी पनवेल, कधी थेट मुंबई, वरंध घाट सुरू असेल तर पुणे. मुंबईत कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी मेहुणा असतोच. त्याच्या ओळखीने खाट मिळते आणि रुग्ण अतिदक्षता विभागात दाखल होतो. आठ-दहा दिवस जातात. मूळ दुखणे आटोक्यात येते आहे असे वाटत असतानाच पुन्हा ताप चढतो, रक्तदाब घसरतो आणि डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, ‘इन्फेक्शन रक्तात पसरलंय.’

कशाचे इन्फेक्शन, हा प्रश्न तिथे फार थोडे नातेवाईक विचारतात. विचारण्याची ती वेळही नसते. बहुतेकदा ते जिवाणूंचे असते. पण काही वेळा ते बुरशीचे असते, आणि तसे असेल तर औषध बदलते, उपचाराचे दिवस बदलतात, घरी परतल्यावर घ्यायची काळजीही बदलते. म्हणूनच या बुरशीचे नाव नातेवाइकांना स्पष्ट सांगितले गेले पाहिजे आणि ते डिस्चार्ज कार्डावर लिहिले गेले पाहिजे, असे माझे मत आहे. नुसते ‘सेप्सिस’ लिहून भागत नाही.

ही ती ‘काळी बुरशी’ नव्हे

बुरशी म्हटले की आपल्याला २०२१चा उन्हाळा आठवतो. करोनातून उठलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिस झाला, कुणाचा डोळा गेला, कुणाचा जबडा काढावा लागला. त्या जुलैमध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेला रुग्णांचा आकडा ४५ हजारांच्या वर होता, मृत्यू चार हजारांहून अधिक होते, आणि सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गुजरात पुढे होते. अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी लोक जिल्ह्याजिल्ह्यांत फिरत होते. ती बुरशी नाकातून शिरते, सायनस, डोळा आणि मेंदूकडे सरकते. चेहऱ्यावर दिसते, त्यामुळे तिची भीती बसली आणि नावही तोंडातोंडी झाले.

रक्तातली बुरशी चेहऱ्यावर दिसत नाही. ती बहुतेकदा यीस्ट या प्रकारची असते. पाव फुगवायला जे यीस्ट वापरतात, त्याच्या जातकुळीतली ही एकपेशीय बुरशी. त्यांतली सर्वांत नेहमीची म्हणजे कँडिडा. ती बाहेरून यावी लागतेच असे नाही. आपल्या तोंडात, आतड्यात, त्वचेवर ती मुळातच थोड्या प्रमाणात राहते आणि एरवी काही त्रास देत नाही, कारण आजूबाजूचे जिवाणू तिला पसरू देत नाहीत.

अतिदक्षता विभागात हा समतोल मोडतो. जोरदार अँटिबायोटिक सुरू असतात. त्यांनी जिवाणू मरतात, बुरशी मरत नाही. शेतातले एक तण मारले की दुसरे माजते, तसे. पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल तर आतड्याची भिंत कमजोर असते. मानेच्या किंवा जांघेच्या मोठ्या शिरेत ‘सेंट्रल लाइन’ म्हणजे प्लास्टिकची नळी असते. या नळीच्या आत-बाहेर यीस्ट चिकट थर करून बसते आणि त्या थरात औषध नीट पोहोचत नाही. शिरेतून दिले जाणारे पोषण, डायलिसिस, स्टिरॉइड, वाढलेली साखर ही त्यात भर. यातले काहीही चुकून केलेले नसते. जीव वाचवण्यासाठीच हे सगळे लावलेले असते आणि त्याच वाटेने बुरशी आत येते. म्हणून या आजाराबद्दल बोलताना लगेच ‘हॉस्पिटलने घोटाळा केला’ असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्याला ‘नशीब’ म्हणणेही तितकेच चूक आहे, ते कसे ते पुढे येईल.

‘दुर्मीळ’ म्हणजे किती?

वैद्यकीय लेखनात या संसर्गापुढे ‘दुर्मीळ’ हे विशेषण लागते. भारतातले आकडे पाहिले की ते विशेषण जरा जपून वापरावे असे वाटते. चंदीगडच्या पीजीआय संस्थेतील डॉ. अरुणलोक चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी देशातल्या २७ अतिदक्षता विभागांचा अभ्यास केला. एप्रिल २०११ ते सप्टेंबर २०१२ या काळात तिथे दाखल झाल्यानंतर रक्तात कँडिडा सापडलेले १,४०० रुग्ण निघाले. दर हजार दाखल रुग्णांमागे साडेसहा. म्हणजे साधारण दीडशे रुग्णांत एक. मोठ्या शहरातल्या एखाद्या गजबजलेल्या आयसीयूत वर्षभरात किती रुग्ण येतात याचा अंदाज केला तर ही संख्या दुर्मीळ म्हणावी अशी राहत नाही.

त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. संसर्ग होण्यास लागलेला काळ मध्यमानाने आठ दिवसांचा होता आणि दाखल होताना फारसे अत्यवस्थ नसलेल्या रुग्णांनाही तो झाला. म्हणजे ‘तसाही तो जाणारच होता’ असे सरसकट म्हणता येत नाही. एकूण ४४.७ टक्के रुग्ण ३० दिवसांच्या आत दगावले. त्यांच्यापैकी अनेकांचा मूळ आजारही गंभीर होता. तो वजा करून, केवळ या संसर्गाच्या खात्यावर संशोधकांनी १९.६ टक्के मृत्यू मांडले. दुसऱ्या बाजूने पाहिले तर निम्म्याहून अधिक लोक जगले. ते कुठे ना कुठे घरी परत गेले. त्यांच्याबद्दल आपण फारच कमी बोलतो.

नाव कळल्याने काय फरक पडतो?

‘बुरशी ती बुरशी, औषध द्या ना’ असे वाटणे साहजिक आहे. पण इथे नावावरच सगळे अवलंबून आहे. रक्तातल्या कँडिडासाठी आज पहिल्या पसंतीचे औषध म्हणजे एकायनोकँडिन गटातले इंजेक्शन. कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन, अनिडुलाफंजिन ही त्यातली नावे बिलावर दिसतील. आता ट्रायकोस्पोरॉन नावाचे दुसरे एक यीस्ट घ्या. केसांवर बारीक पांढऱ्या गाठी करणारा हा तसा निरुपद्रवी प्राणी (प्राणी नव्हे, बुरशीच, पण वागणे तसे). आयसीयूत तो रक्तात शिरला तर एकायनोकँडिन त्याच्यावर चालतच नाही, तिथे व्होरिकोनाझोल लागते. ओलसर जागी गुलाबीसर थर धरणाऱ्या यीस्टपैकी ऱ्होडोटोरुला रक्तात आली तर एकायनोकँडिनही नाही आणि नेहमीचे फ्लुकोनाझोलही नाही. अँफोटेरिसिनकडे वळावे लागते. दिवसाला हजारो रुपयांचे इंजेक्शन चालू आहे, नातेवाईक दागिने मोडत आहेत, आणि ते औषध त्या बुरशीला लागूच पडत नाही, असे होऊ शकते. प्रयोगशाळेने नेमके नाव दिले नाही तर ते कुणाच्या लक्षातही येणार नाही.

वेळेचेही तसेच. अमेरिकेतल्या चार रुग्णालयांतील २३० रुग्णांच्या नोंदींवरचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या दिवशी रक्ताचा नमुना घेतला त्याच दिवशी बुरशीचे औषध सुरू झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण १५ टक्के होते. दुसऱ्या दिवशी सुरू झालेल्यांत २४, तिसऱ्या दिवशी ३७ आणि त्यानंतर ४१ टक्के. तीन दिवसांत मृत्यूचा धोका जवळजवळ तिप्पट होतो. आणि नेमके तेवढेच दोन-तीन दिवस ब्लड कल्चरमध्ये यीस्ट उगवायला लागू शकतात. डॉक्टरांची अडचण ही अशी आहे. वाट पाहावी तर उशीर होतो, सर्वांनाच औषध द्यावे तर बुरशी त्या औषधाला सरावते. त्यातच कल्चर प्रत्येक वेळी सापडेल असेही नाही. रक्तात कँडिडा असूनही सुमारे निम्म्या वेळा ते निगेटिव्ह येते. म्हणून पुरेसे रक्त, वेगवेगळ्या जागेवरून, शक्यतो नवे औषध चढवण्याआधी घेणे हे आयसीयूतल्या सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित कामांपैकी एक आहे.

चंदीगडची २३ महिन्यांची गोष्ट

आता ‘नशीब’ हा शब्द का चुकतो ते पाहू. एप्रिल १९९६ ते फेब्रुवारी १९९८ या काळात पीजीआय चंदीगडच्या बालरोग विभागात पिचिया अनोमाला नावाच्या यीस्टची साथ पसरली. नाव कुणी फारसे ऐकलेले नव्हते, खऱ्या अर्थाने दुर्मीळ बुरशी. २३ महिन्यांत ३७९ नवजात अर्भके आणि मुले बाधित झाली. देशातल्या सर्वोत्तम सरकारी रुग्णालयांपैकी एक, तज्ज्ञ दिमतीला, आणि तरी जवळजवळ दोन वर्षे ही साथ हटेना. शोध घेतल्यावर ती बुरशी कर्मचाऱ्यांच्या हातांवरही सापडली. साथ आटोक्यात आली ती दोन गोष्टींनी. हात धुण्याची मोहीम नेटाने राबवली गेली आणि कमी दिवसांच्या, जोखमीच्या बाळांना आधीच बुरशीविरोधी औषध देणे सुरू झाले.

या कथेत मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की पीजीआयने हे लपवले नाही. आपल्याच वॉर्डातली साथ, आपल्याच लोकांचे हात, हे सगळे २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आकड्यांसह छापले. म्हणून आज २५ वर्षांनी आपण त्यावर बोलू शकतो आहोत. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयानेही २०१५-१६ मध्ये आपल्याकडे ५० रुग्णांत पसरलेल्या कँडिडा ऑरिसची हकिकत अशीच वैद्यकीय नियतकालिकात मांडली. नोंद प्रसिद्ध झाल्याने दोन्हीपैकी एकही रुग्णालय बंद पडले नाही.

ऑरिस : कानातून आलेले नाव

कँडिडा ऑरिसचा उल्लेख आलाच आहे तर तिच्याबद्दल थोडे सविस्तर, कारण पुढच्या काळात आपली गाठ तिच्याशी आहे. २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून ही बुरशी प्रथम वेगळी केली गेली. लॅटिनमध्ये ‘ऑरिस’ म्हणजे कान, म्हणून हे नाव. (शास्त्रज्ञांनी अलीकडे तिचे कुलनाव बदलून कँडिडोझायमा केले आहे. रिपोर्टवर ते दिसले तर गोंधळू नका, ती हीच.) २०१३ मध्ये दिल्लीच्या डॉ. अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दोन रुग्णालयांतल्या रक्तसंसर्गाच्या रुग्णांत ती असल्याचे दाखवले. वर उल्लेख केलेल्या १,४०० रुग्णांपैकी ७४ जणांमध्ये तीच होती आणि २७ पैकी १९ आयसीयूत ती पोहोचलेली होती. सरकारी रुग्णालयांत तिचा वाटा ८.२ टक्के, खासगीत ३.९ टक्के होता. म्हणजे गरीब रुग्णाच्या वाट्याला ती अधिक आली.

करोनाच्या पहिल्या लाटेत, एप्रिल ते जुलै २०२०, दिल्लीतल्या एका अतिदक्षता विभागात १५ करोना रुग्णांच्या रक्तात कँडिडा सापडला, त्यांतले दोन-तृतीयांश ऑरिसचे होते. ऑरिस झालेल्या दहापैकी सहा रुग्ण गेले. काळ्या बुरशीच्या बातम्या यायला तेव्हा अजून वर्ष होते.

ऑरिसची पंचाईत तीन ठिकाणी आहे. फ्लुकोनाझोलला ती बहुधा दाद देत नाही. जुन्या पद्धतीच्या यंत्रांवर ती भलत्याच नावाने ओळखली जाते. नेमकी ओळख पटवायला मॅल्डी-टॉफसारखी महागडी यंत्रणा लागते. आणि ती खाटेच्या दांड्यावर, मॉनिटरच्या वायरवर, रक्तदाब मोजायच्या पट्ट्यावर आठवडेच्या आठवडे जिवंत राहते. रुग्णालयांत नेहमी वापरली जाणारी काही जंतुनाशके तिच्यावर फिकी पडतात, क्लोरीनयुक्त द्रावण लागते. थोडक्यात, फरशी पुसणाऱ्या मावशींच्या बादलीत काय आहे यावर पुढच्या रुग्णाचे काय होणार हे ठरते. त्या मावशी बहुतेकदा कंत्राटी असतात आणि बादलीत काय टाकायचे आणि का, हे त्यांना कुणी समजावून सांगितलेले असेलच असे नाही.

२०२१ मध्ये अंदमानच्या किनाऱ्यावरच्या खारट दलदलीत आणि वाळूतही ही बुरशी सापडली. निसर्गात ती सापडल्याची ती पहिलीच नोंद. ती वाचून खाडीकाठच्या कुणी धसका घेण्याचे कारण नाही. सावित्रीच्या पाण्यात पाय घातल्याने हा आजार होत नाही. धडधाकट माणसाच्या वाटेला ती जात नाही. तिला आजारी शरीर आणि आत शिरायला वाट लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची पहिली यादी जाहीर केली. १९ नावांपैकी सर्वांत वरच्या गटात चार आहेत आणि त्यांत ऑरिस आहे. त्याच संघटनेने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले, की गेल्या दशकात अमेरिका, युरोप आणि चीन या तिन्ही ठिकाणी मिळून फक्त चार नव्या बुरशीविरोधी औषधांना मंजुरी मिळाली. नवी औषधे येत राहतील या भरवशावर बसता येणार नाही, एवढे यातून कळते.

रुग्ण तुडीलला परत येतो तेव्हा

माझा मुद्दा खरे तर इथून सुरू होतो. रक्तातल्या कँडिडाचा उपचार ताप उतरला की संपत नाही. रक्ताचे कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत ते पुन्हा पुन्हा करायचे असते आणि पहिल्या निगेटिव्ह तारखेपासून पुढे किमान दोन आठवडे औषध द्यायचे असते. जमेल तिथे जुनी सेंट्रल लाइन काढायची असते. डोळ्यांची तपासणी करायची असते, कारण ही बुरशी डोळ्याच्या पडद्यामागे जाऊन बसू शकते. हृदयाच्या झडपेवर, मणक्यातही बसू शकते, आणि तिथे ती आठवड्यांनी, कधी महिन्यांनी डोके वर काढते.

आता खर्चाने वाकलेले कुटुंब काय करते? ताप उतरला की ‘घरी नेतो’ म्हणते. त्यांना दोष देता येत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण योजना ठरावीक पॅकेजवर चालते. त्यामुळे बुरशीचे महागडे इंजेक्शन पॅकेजमध्ये बसते की नाही हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारलेले बरे. मुंबईत राहण्या-जेवण्याचा खर्च, गावाकडे पडलेली कामे आणि सुट्टी संपत आलेला मुलगा हे कुठल्याच पॅकेजमध्ये नसते. रुग्ण अर्ध्या औषधावर घरी येतो.

तीन आठवड्यांनी पुन्हा कणकण येते. एका डोळ्याला धूसर दिसू लागते, किंवा कंबर धरते. महाडचा डॉक्टर काय तपासेल? पावसाळा असेल तर मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, एरवी टायफॉइड. आपल्या भागात हाच शहाणपणा आहे. कार्डावर ‘सेप्सिस विथ मल्टिऑर्गन डिसफंक्शन, रिकव्हर्ड’ एवढेच असेल तर बुरशीची शंका त्याला यावी तरी कशी? कंबरेला मलम आणि डोळ्याला थेंब दिले जातील. त्याच कार्डावर ‘रक्तात कँडिडा, अमुक प्रजाती, अमुक तारखेला कल्चर निगेटिव्ह, अमुक औषध इतके दिवस, डोळे तपासले / तपासले नाहीत’ अशी एक ओळ असती, तर तोच डॉक्टर त्या धूसर डोळ्याकडे वेगळ्या नजरेने पाहील. एवढी एक ओळ लिहायला यंत्र लागत नाही, निधी लागत नाही, शासन निर्णयसुद्धा लागत नाही.

ऑरिस असेल तर ही ओळ इतर रुग्णांसाठीही आवश्यक आहे. बरा झालेला माणूसही ती त्वचेवर महिनोन् महिने बाळगू शकतो. तो पुढे डायलिसिसला गेला, दुसऱ्या रुग्णालयात दाखल झाला, तर तिथल्या लोकांना आधी कळायला हवे, म्हणजे ते वेगळी खाट देतील, हातमोजे घालतील. मात्र घरात त्याला वेगळे ताट-वाटी, वेगळी खोली देण्याची गरज नाही. एकत्र जेवावे, नातवंडांना जवळ घ्यावे. हात साबणाने धुणे पुरे. हे मुद्दाम लिहितो, कारण ‘बुरशीचा रोग’ एवढाच शब्द वाडीत पसरला की लोक कसे वागतात ते करोनात आपण पाहिले आहे.

डॉक्टरांची बाजू

काही डॉक्टर मित्र यावर म्हणतात, ‘आम्ही बुरशी म्हटलं की नातेवाईक विचारणार, ती तुमच्याकडेच लागली ना? मग काचा फुटणार.’ ही भीती खोटी नाही. रुग्णालयांत मारहाणीचे प्रकार होतात आणि आयसीयूत रात्रीच्या पाळीला उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरला त्याची झळ बसते. पण न सांगितल्याने भीती कमी होत नाही. औषधाच्या बिलावर नाव असतेच, मोबाइलवर ते शोधले जाते, आणि मग ‘आमच्यापासून लपवले’ हा राग अधिक मोठा असतो. दाखल करतानाच सांगावे, की रुग्ण इथे जास्त दिवस राहिला तर असा संसर्ग होऊ शकतो, आम्ही तो टाळायला अमुक करतो. तेव्हा ऐकलेले नंतर कमी टोचते.

नातेवाइकांनीही प्रश्न विचारायची रीत बदलायला हवी. ‘वाचेल ना?’ याला कुणाकडेच खात्रीचे उत्तर नसते. त्याऐवजी रोज एकदा विचारावे, ‘मानेतली नळी अजून लागते का?’ नको असलेली सेंट्रल लाइन एक दिवस आधी निघाली तर तो एक दिवस कमी धोक्याचा. ‘कल्चर पाठवले का, त्यात काय आले?’ हा दुसरा प्रश्न. आणि एक सूचना, जी किरकोळ वाटेल : जुलाब थांबावेत म्हणून प्रोबायोटिकची पुडी दिली जाते. तिच्यातल्या काही प्रकारांत सॅकरोमायसीस नावाचे जिवंत यीस्ट असते. घरच्या जुलाबाला ती ठीक. पण सेंट्रल लाइन असलेल्या अत्यवस्थ रुग्णाजवळ ती पुडी फोडली, की तिची पूड हातांवरून नळीपर्यंत जाते आणि तेच यीस्ट रक्तात उगवल्याच्या नोंदी आहेत. युरोपच्या औषध नियामकांनी २०१७ मध्ये अशा रुग्णांत तिचा वापर वर्ज्य ठरवला. तेव्हा गावाहून येताना खिशात टाकून आणलेली पुडी सिस्टरच्या हाती देऊ नका.

महाडला हे नवे नाही

नोंद ठेवून मृत्यू कमी करता येतात, हे सांगायला महाड तालुक्याला बाहेरच्या उदाहरणाची गरज नाही. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने गंभीर झालेल्या शंभरांतले सुमारे चाळीस रुग्ण दगावत. ते रुग्णाशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, खोकला टिपत राहिले. १९८२ मध्ये ती निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली, पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग त्यांनी दाखवला आणि मृत्यूचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू आणि यीस्ट यांचा संबंध नाही, पण वही आणि पेन दोन्हीकडे तेच.

जिल्ह्यात आज तेव्हापेक्षा बरेच काही आहे. अलिबागला २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि महाविद्यालय म्हटले की सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आलाच. महाडला मॅल्डी-टॉफ बसवा अशी मागणी मी करणार नाही, ती हास्यास्पद होईल. पण आयसीयूतून परतलेल्या रुग्णाला नवा ताप आला तर महाडलाच ब्लड कल्चरच्या बाटल्या भरून त्याच दिवशी अलिबागला पोहोचवण्याची सोय करणे काही अवघड नाही. एसटी पार्सल नेते, कुरिअरवाले आंब्याच्या पेट्या नेतात; रक्ताच्या दोन बाटल्यांसाठी गाडी ठरवता येत नसेल तर प्रश्न पैशाचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे औषधरोधक जंतूंवर लक्ष ठेवणारे जाळे आहे, त्यात बुरशीही मोजली जाते. पण तिथे मोजली जाते ती मोठ्या संस्थांतली बुरशी. घरी परतलेला तुडीलचा माणूस त्या मोजणीत नाही.

तोपर्यंत ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांनी एवढे करावे. डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या घाईत कल्चरचे सगळे रिपोर्ट, निगेटिव्ह आलेलेसुद्धा, मागून घ्यावेत आणि मोबाइलमध्ये त्यांचे फोटो काढून ठेवावेत. कार्डावर बुरशीचे नाव नसेल तर ते लिहून मागावे. पुढच्या दोन-तीन महिन्यांत ताप, नजरेत फरक, कंबरेचे न थांबणारे दुखणे यांपैकी काही झाले तर स्थानिक डॉक्टरांना ते फोटो आधी दाखवावेत, मगच अँटिबायोटिक सुरू करू द्यावे. आणि कल्चरसाठी रक्त घेतले तर त्या बाटल्या बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवू नयेत. थंडीत जंतूंची वाढ खुंटते. खोलीच्या तापमानाला, उभ्या ठेवून, जितक्या लवकर होईल तितक्या लवकर प्रयोगशाळेत.